फोनवरून डॉक्टरकी शिकताना: नाशिकच्या मेडिकल विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिंडोरी रोडवर म्हसरूळला १९९८ मध्ये स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, आडगावपासून घोटीजवळच्या धामणगावपर्यंत मेडिकल कॉलेजं आहेत, आणि गंगापूर रोड-कॉलेज रोडच्या अभ्यासिकांत रात्री उशिरापर्यंत एमबीबीएसची मुलं बसलेली असतात. पुस्तक समोर, शेजारी फोन. मी मेडिसिन शिकवते. वॉर्डात पोस्टिंगला येणारी मुलं, आणि कधी त्यांचे आईवडीलही, जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते: फोनवर पाहिलेली गोष्ट आपल्या डोक्यातून पुन्हा काढून पाहिली आणि रुग्णाच्या कॉटपाशी नेऊन पडताळली, तरच ती आपली होते. खालची उत्तरं याच मतातून आली आहेत.

व्हिडिओ बघताना सगळं कळतं, पण वायवाला (तोंडी परीक्षेला) तोंडातून शब्द फुटत नाही. असं का होतं?

कळणं वेगळं आणि आठवणं वेगळं. व्हिडिओत शिकवणारा सगळं क्रमाने मांडून देतो. आपण मान डोलावतो आणि आपल्याला आलं असं वाटतं. वायवाला तो क्रम आपल्याला स्वतः उभा करावा लागतो, आणि तो सराव तर झालेलाच नसतो.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याबद्दलचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदाच वाचून नंतर न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री दुप्पट वेगाने लेक्चर बघितलं की बरं का वाटतं आणि पंधरा दिवसांनी काहीच का उरत नाही, याचं उत्तर यातच आहे.

म्हणून एकच सवय लावा. व्हिडिओ संपला की फोन उलटा ठेवा, कोरा कागद घ्या आणि आठवेल तेवढं लिहा. ब्रॅकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) असेल तर काढा, हृदयाचं चक्र असेल तर दाबाचे आलेख काढा. मग पुस्तक उघडून लाल पेनाने चुका दुरुस्त करा. व्हिडिओ वीस मिनिटांचा असेल तर कागदालाही तेवढाच वेळ द्या. दिवसभरात बघितलेल्या व्हिडिओंची संख्या कमी होईल, आणि तेच व्हायला हवं.

अंकीसारख्या ॲपवरची प्रश्नोत्तरांची कार्डं वापरत असाल तर स्वतः बनवलेली वापरा. दुसऱ्याची हजारो कार्डं उतरवून घेतली की रोजची उजळणीच ओझं होते आणि महिन्याभरात ॲप बंद पडतं. वॉर्डात ज्याचं उत्तर आलं नाही, त्याचंच कार्ड करा.

कोणत्या विषयांना व्हिडिओचा खरा उपयोग होतो?

ज्यात हालचाल, आवाज किंवा तिसरी मिती आहे तिथे भरपूर. गर्भाच्या आतड्यांचं वळणं, चालण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा, हृदयाचे मर्मर (ठोक्यांमधले जादा आवाज), फिट्सचे प्रकार, सांध्यांची तपासणी. छापील पानावर यातलं काही नीट उमटत नाही. मायट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची झडप अरुंद होण्याचा) मर्मर इयरफोन लावून दहा वेळा ऐकलेल्या मुलाला वॉर्डात तो सापडण्याची शक्यता नक्की वाढते. मात्र इयरफोनमध्ये फक्त मर्मर असतो आणि वॉर्डात पंखा, शेजारच्या कॉटवरचा खोकला आणि नातेवाइकांचं बोलणंही असतं, म्हणून स्टेथोस्कोप लावायला जावंच लागतं.

फार्माकॉलॉजीची यादी, फॉरेन्सिकची कलमं, कम्युनिटी मेडिसिनमधले राष्ट्रीय कार्यक्रम यांना व्हिडिओ शोधत बसू नका. वाचून लवकर होतं.

परदेशी चॅनेल इतके छान समजावतात. त्यांच्यावरच अभ्यास केला तर चालेल ना?

शरीररचना, शरीरक्रिया, पॅथॉलॉजी यांसाठी बिनधास्त बघा. किडनी बोस्टनमध्येही तशीच असते आणि बागलाणमध्येही. प्रश्न उपचारांपाशी सुरू होतो, आणि तो बारीक नाही.

टीबीचं उदाहरण घ्या. अमेरिकन व्हिडिओत सांगतात की पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पुढच्या चार महिन्यांत इथॅम्ब्युटॉलही असतं. आपल्याकडे आयसोनियाझिडला न जुमानणाऱ्या जंतूंचं प्रमाण जास्त आहे, म्हणून ते तिसरं औषध ठेवलं आहे. परीक्षेत दोनच औषधं लिहिलीत तर गुण जातील. रुग्णाला दोनच दिलीत तर काय होऊ शकतं हे वेगळं सांगायला नको.

रक्तदाब घ्या. अमेरिकेतल्या संस्थांनी २०१७ मध्ये उच्च रक्तदाबाची रेषा १३०/८० वर आणली. आपल्या कार्यक्रमांत अजून १४०/९० धरतात. दोन्ही आकडे माहीत असावेत, आणि कोणता कुणाचा हेही माहीत असावं. औषधांची नावंसुद्धा बदलतात: तिकडचं अ‍ॅसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, एपिनेफ्रिन म्हणजे अ‍ॅड्रेनलिन, अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल. ब्रिटिश व्हिडिओत रक्तातली साखर ७ सांगितली की आपल्या मुलांना धक्का बसतो. ते एकक वेगळं आहे. १८ ने गुणा, १२६ येतील.

सर्पदंशावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तो आपल्या जिल्ह्याचा आजार आहे. तिकडच्या व्हिडिओत रॅटलस्नेक असतो, त्याच्यावरचं औषध असतं. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर मिळून एकच प्रतिविष आहे. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे भातलावणीच्या दिवसांत येणारा रुग्ण कुठल्याच परदेशी चॅनेलवर दिसत नाही. रात्री जमिनीवर झोपलेला मुलगा पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो. चावल्याचं आठवत नाही, कारण मण्यारीच्या दंशाला बहुतेक वेळा वेदना नसते आणि दातांच्या खुणाही दिसत नाहीत. घरच्यांना अपचन वाटतं. थोड्या वेळाने पापण्या जड होतात, गिळता येत नाही. पावसाळ्यात, पहाटे, पोटदुखी आणि मिटत चाललेल्या पापण्या, एवढं ऐकलं की तुमच्या डोक्यात मण्यार आली पाहिजे.

घोणस किंवा फुरशाचा संशय असेल तेव्हा वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करतात. दोन-तीन मिली ताजं रक्त, स्वच्छ कोरडी काचेची टेस्ट ट्यूब, वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही, मग तिरकी करून बघायची. ट्यूब प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल चुकतो. हे व्हिडिओत बघा जरूर, पण एकदा कॅज्युअल्टीत इंटर्नच्या शेजारी उभं राहून ती वीस मिनिटं घड्याळ लावून मोजा. नंतर विसरणार नाही.

व्हिडिओतली माहिती जुनी आहे हे कसं ओळखायचं?

व्ह्यूज बघू नका, तारीख बघा. सर्वांत जास्त बघितलेले व्हिडिओ बहुधा सर्वांत जुने असतात. सीपीआरचा (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास देण्याचा) क्रम २०१० मध्ये बदलला. आधी श्वासमार्ग होता, आता छाती दाबणं आधी. दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२० आणि मोठ्या माणसात खोली ५ ते ६ सेंटिमीटर. जुना क्रम दाखवणारे व्हिडिओ अजूनही शोधात सापडतात. ओआरएसचं सूत्र २००२ मध्ये बदललं, एकूण ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या क्षार-साखरेची तीव्रता) ३११ वरून २४५ वर आली. टीबीची औषधं आपल्याकडे २०१७ पासून रोज देतात, पूर्वी एक दिवसाआड देत.

नियम सोपा आहे: व्हिडिओतून विषय समजून घ्या, आकडा, डोस आणि उपचार मात्र चालू आवृत्तीच्या पुस्तकातून किंवा राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शक पुस्तिकेतून. त्या पुस्तिका फुकट मिळतात आणि फारसं कुणी उघडत नाही.

टेलिग्रामवर सगळी लेक्चर्स फुकट मिळतात. सगळेच घेतात. मी घेतली तर काय बिघडलं?

ती चोरलेली आहेत. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून उल्लंघन केलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. चॅनेल चालवणारा आणि पुढे पाठवणारा सर्वांत आधी अडकतो, आणि पुढे पाठवणारे बहुधा विद्यार्थीच असतात.

पैशांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. निफाडच्या शेतकऱ्याने कांद्याला भाव नसलेल्या वर्षी मुलीच्या ॲपचं सबस्क्रिप्शन कुठून भरायचं? पण त्याआधी विचारा, ते लागतंच का. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवर अभ्यासक्रम मोफत बघता येतात, पबमेड सेंट्रलवर पूर्ण लेख मोफत वाचता येतात, कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं आहेत, सीनिअर्स वापरलेली पुस्तकं अर्ध्या किमतीत देतात.

आणि फुकट मिळालेल्या दोनशे जीबीचं होतं काय? फोल्डर भरतो. ‘आहे माझ्याकडे’ या समाधानात वर्ष जातं. माझा मुख्य आक्षेप यालाच आहे.

व्हॉट्सॲप ग्रुप अभ्यासाला उपयोगी पडतो का? आमच्या बॅचच्या ग्रुपवर दिवसाला तीनशे मेसेज येतात.

बॅचचा ग्रुप सूचनांसाठी असतो. तो म्यूट करा आणि संध्याकाळी एकदा बघा. अभ्यासाचा ग्रुप पाच-सहा जणांचा, एकाच युनिटला पोस्टिंग असलेल्यांचा. त्याच्यावर शुभेच्छा नाहीत, पीडीएफ नाहीत. रोज संध्याकाळी एकाने एक केस शब्दांत मांडायची, तीही अर्धीच.

समजा एकाने लिहिलं: ‘साठीतले गृहस्थ, बागेत मजुरी करतात, दोन महिन्यांपासून चढ चढताना धाप लागते, आता आडवं झाल्यावरही लागते. पुढे काय विचाराल?’ पहिला म्हणतो, खोकला आणि बेडका. दुसरी विचारते, रात्री किती उशा घेतात, धापेने दचकून उठून बसतात का. तिसऱ्याला पायावरची सूज आठवते. चौथी विचारते, छातीत कधी भरून आलं होतं का. मग कुणीतरी विचारायला हवं, आणि बऱ्याचदा कुणीच विचारत नाही: बिडी किती, घरात चूल आहे का, फवारणी कोण करतं. तासाभराने केस मांडणारा तपासणीत काय सापडलं ते लिहितो आणि प्रत्येकाने एकेक निदान कारणासकट द्यायचं. ‘हार्ट फेल्युअर’ एवढंच लिहून सुटायचं नाही.

दुसऱ्या दिवशी राउंडच्या आधी सगळ्यांनी त्याच बाबांच्या पाठीवर खाली स्टेथोस्कोप ठेवायचा. बाबांना आधी विचारून, एकाच्या मागोमाग सहा जणांनी त्यांना दमवायचं नाही. ज्या बॅचने असं पोस्टिंगभर केलं, तिच्या केस प्रेझेंटेशनमध्ये फरक लगेच ऐकू येतो. ही मुलं प्रश्न विचारायला शिकलेली असतात.

मी मराठी माध्यमातून आलोय. इंग्रजी व्हिडिओ डोक्यावरून जातात.

पहिल्या वर्षी सबटायटल लावा, वेग कमी करा, लाजू नका. हिंदी-मराठीत समजावणारे शिक्षकही आता भरपूर आहेत. समजून घ्या कुठल्याही भाषेत, पण लिहून काढा इंग्रजीत, कारण पेपर इंग्रजीत आहे.

तुमच्याकडे एक गोष्ट मात्र आहे जी मोठ्या शहरातल्या इंग्रजी शाळेतून आलेल्याला वॉर्डात कमी पडते. रुग्ण ‘मेनोरेजिया’ म्हणत नाही. ती खाली बघत ‘अंगावरून जास्त जातं’ म्हणते, आणि पांढरं की लाल हे तुम्ही हळूच विचारायचं असतं. ‘हातापायाची आग होते’, ‘जीव घाबरा होतो’, ‘पोटात गुबारा धरतो’, ‘डोळ्यापुढे अंधारी येते’, या प्रत्येक वाक्यामागे वेगवेगळी कारणं उभी आहेत. मालेगाव-सटाण्याकडून येणारी आजी अहिराणीत बोलते, सुरगाण्याकडच्या बाईची बोली आणखी वेगळी. तुमच्या छोट्या ग्रुपवर अशा शब्दांचा संग्रह करा: रुग्ण काय म्हणाला, नेमकं काय होत होतं. हे कुठल्याही चॅनेलवर मिळत नाही आणि तुम्ही ते तयार करू शकता. पुढच्या बॅचला द्या.

रुग्णाचा चेहरा दिसत नसेल तर फोटो किंवा एक्स-रे ग्रुपवर टाकायला हरकत नाही ना?

आहे.

आपल्याकडे डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम लागू आहेत. ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचा फोटो किंवा केस त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करायची नाही, असं ते सांगतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम आणले होते, त्यात सोशल मीडियाबद्दल स्वतंत्र सूचना होत्या. ते त्याच महिन्यात स्थगित झाले. स्थगितीमुळे काही मोकळं रान मिळालेलं नाही, २००२ चे नियम आहेतच.

आता ‘ओळख पटणं’ म्हणजे काय ते बघा. हाताच्या गँगरीनचा फोटो आहे, चेहरा नाही. पण मनगटाच्या वर गोंदण आहे, आणि त्यात नवऱ्याचं नाव आहे. गावात ते गोंदण सगळ्यांना माहीत असतं. एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव, वय, तारीख छापलेली असते. केसपेपरवर नोंदणी क्रमांक असतो. मागे खिडकीतून वॉर्डाचा फलक दिसतो. आणि आजारच दुर्मीळ असेल तर फोटोचीही गरज नाही: ‘त्र्यंबक तालुक्यातली बावीस वर्षांची, दुसऱ्यांदा बाळंत झालेली’ एवढं लिहिलं तरी त्या पाड्यावरचा प्रत्येक जण सांगेल ती कोण.

काही ठिकाणी तर कायदा आणखी कडक आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेलं मूल असेल तर पोक्सो, २०१२. एचआयव्ही असेल तर २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा. मानसिक आजार असेल तर २०१७ चाच मानसिक आरोग्य कायदा. गरोदरपणातली सोनोग्राफीची क्लिप असेल तर १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा डोळ्यापुढे ठेवा. यांपैकी कुठल्याही रुग्णाची काहीही गोष्ट फोनवर ठेवू नका.

‘आमचा ग्रुप खासगी आहे’ असं मुलं म्हणतात. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो बऱ्याच फोनमध्ये आपोआप गॅलरीत जातो, गॅलरीतून क्लाउडवर जातो, आणि घरी धाकट्या भावाच्या हातात फोन असतो. सगळ्यांसाठी डिलीट केलं तरी गॅलरीतली प्रत राहू शकते.

संमतीचं काय? ती सरांना विचारून, लेखी, रुग्णाच्या भाषेत आणि कशासाठी हवी ते सांगून घ्यायची. तरीही एक गोष्ट मनात असू द्या. जनरल वॉर्डात, कॉटवर पडून, पांढरा कोट घातलेल्या पाच जणांना ‘नको’ म्हणणं किती जणांना जमेल? मी एकदा एका आजींना बघितलं. विद्यार्थी फोन काढतोय असं दिसताच त्यांनी काही न बोलता पदर तोंडावर ओढून घेतला. तिथे थांबायचं. ‘नको’चा आवाज आपल्याकडे असाच असतो.

मग शिकायचं कसं? चित्र काढा. जखमेचा आकार, कडा, तळ, आजूबाजूची त्वचा हे शब्दांत लिहा. वय ‘साठीतले’ असं ढोबळ, गाव नाही, तारीख नाही. फोटो काढला असता तर इतकं निरखून बघितलं नसतं, हा माझा अनुभव प्रत्येक बॅचच्या वह्या तपासताना पक्का होतो.

डिसेक्शन हॉलमधला फोटो?

कधीही नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचना कायद्याने देहदानाची सोय केली आहे. ज्यांनी देह दिला त्यांच्या मुलांनी अंत्यविधीचा हक्क सोडून तो तुमच्या टेबलावर पाठवलाय. हसरे चेहरे, मागे टेबल अशी सेल्फी त्यांच्या हाती पडली तर नाशिकमध्ये पुढचं देहदान कोण करेल?

मी इन्स्टाग्रामवर आरोग्याच्या रील्स करू का? सीनिअरचे हजारो फॉलोअर्स आहेत.

करा, मर्यादा ओळखून. तुम्ही अजून नोंदणीकृत डॉक्टर नाही. परीक्षा, इंटर्नशिप आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी झाल्यावर व्हाल. बघणाऱ्याला हे कळत नाही, त्याला कोट आणि स्टेथोस्कोप दिसतो. म्हणून ‘मी एमबीबीएसचा विद्यार्थी आहे’ हे बायोमध्ये आणि बोलतानाही सांगा. औषधाचं नाव, डोस, कॉमेंटमध्ये निदान, कुठल्याही कंपनीची पावडर किंवा तेल यांपैकी काही नको.

मराठीत नीट सांगण्यासारखं खूप आहे. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं, चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हात-पाय हलू न देता सरळ दवाखाना. सिंहस्थाच्या काळात पाण्याबद्दल आणि साथींबद्दल अफवा पसरल्या, तर जिल्हा आरोग्य विभागाने काय सांगितलं ते शोधून तेवढंच मराठीत सांगणारा विद्यार्थी मोठं काम करेल. बोलण्याआधी आपल्या विषयाच्या शिक्षकांना एकदा स्क्रिप्ट दाखवा. आम्हाला आवडतं वाचायला.

नातेवाईक रिपोर्टचे फोटो पाठवतात. उत्तर नाही दिलं तर ‘शहाणा झाला’ म्हणतात.

पहिल्या वर्षापासून हे सुरू होतं. गप्प राहू नका आणि गोळीही सांगू नका. असं लिहा: ‘काकू, रिपोर्ट बघितला. हिमोग्लोबिन कमी आहे. का कमी आहे ते तुम्हाला तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि मी अजून शिकतोय. उद्या आपल्या डॉक्टरांकडे किंवा आरोग्य केंद्रात जा. जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. जाऊन आलात की मला सांगा.’ शेवटचं वाक्य विसरू नका, त्याने माणूस दुखावत नाही.

छातीत दुखणं, धाप, एका बाजूची ताकद जाणं, तोंड वाकडं होणं, बेशुद्धी असं काही असेल तर टाइप करत बसू नका. फोन करा आणि १०८ बोलवायला सांगा.

चॅटबॉटला विचारून अभ्यास केला तर?

प्रश्न विचारून घ्यायला चांगला. ‘माझी वायवा घे’ म्हणा. पण तो नसलेले संदर्भ आणि चुकीचे डोसही तितक्याच आत्मविश्वासाने देतो. रुग्णाचे रिपोर्ट त्यात टाकू नका.

सरांना किंवा रुग्णांना फ्रेंड रिक्वेस्ट पाठवावी का?

सरांना विचारून पाठवा. रुग्णांना नको, त्यांची आली तरी नम्रपणे टाळा.

पालकांचा प्रश्न: मुलगा सुट्टीला सिन्नरला घरी आला की दिवसभर फोन. विचारलं की ‘अभ्यास करतोय’ म्हणतो. खरं कसं ओळखायचं?

तुमचा संशय रास्त आहे आणि त्याचं म्हणणंही बहुधा खरं आहे. आता अभ्यासाचा बराच भाग फोनवरच असतो. फोन काढून घेऊ नका, तो मोठा आहे. त्याऐवजी रात्री जेवताना विचारा: ‘आज काय शिकलास ते मला समजेल असं सांग.’ मधुमेहात पायाला जखम का बरी होत नाही हे ज्याला खरंच कळलंय, तो आईला पोळ्या लाटताना समजावू शकतो. त्याला सांगता आलं नाही तर रागावू नका. त्याचं त्यालाच कळेल.

झोप मात्र बघा. रात्री दोन वाजेपर्यंत रील्स आणि सकाळी क्लिनिक्सना जांभया, हे आम्हालाही दिसतं. घरी असताना रात्री फोन चार्जिंगला बाहेरच्या खोलीत ठेवायचा, असा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला तर तोही पाळेल.

इतरांच्या ‘आज बारा तास अभ्यास’ अशा स्टोरी बघून भीती वाटते. माझंच काही होत नाही असं वाटतं.

ज्या अकाउंटने अशी भीती वाटते ते म्यूट करा, आजच. बारा तास टेबलावर ठेवलेलं घड्याळ काय शिकलं ते सांगत नाही. पण भीती फोन बाजूला ठेवूनही जात नसेल, झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर अभ्यासाचा विचार सोडा आणि कुणाशी तरी बोला: मेंटर, मानसोपचार विभागातले शिक्षक, घरचं माणूस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टर होणाऱ्याने मदत मागणं कमीपणाचं नाही. माझ्याकडे आलात तर मी दार लावून, सगळं काम बाजूला ठेवून ऐकेन, आणि बहुतेक शिक्षक तसंच करतील.

इंटर्नशिपमध्ये ग्रामीण पोस्टिंगला रेंज नसते. सगळं फोनवर शिकलेल्याने तिथे काय करायचं?

जाण्याआधी हे उतरवून घ्या: सर्पदंशाची राष्ट्रीय मार्गदर्शिका, लहान मुलांच्या डोसचा तक्ता, जुलाबातल्या निर्जलीकरणाचा तक्ता, प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाची पायरीपायरीने कृती. त्यातली शेवटची हाताने एका कागदावर लिहून काढा आणि लेबर रूममधल्या सिस्टरना दाखवा. तिथे कुठलं इंजेक्शन कुठल्या फ्रिजमध्ये आहे ते त्या सांगतील, तेही त्याच कागदावर लिहा. जिल्हा रुग्णालयाचा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा नंबर फोनमध्ये ठेवाच, पण वहीच्या पहिल्या पानावरही लिहा, आणि रेंज अंगणात कुठल्या कोपऱ्यात येते ते पहिल्याच दिवशी आशाताईंना विचारून ठेवा.